भरती कोण आणतं?

गॅलिलिओचा ‘संवाद’ हा ग्रंथ फेब्रुवारी १६३२मध्ये फ्लोरेन्सला छापून बाहेर पडला. तिघे जण चार दिवस बोलत बसतात, असा त्याचा बाज. चौथा दिवस भरती-ओहोटीचा. पृथ्वी स्वतःभोवतीही फिरते आणि सूर्याभोवतीही. या दोन गती एकमेकींत मिसळल्या की समुद्राचं पाणी हिंदकळतं, म्हणून भरती हाच पृथ्वी फिरत असल्याचा पुरावा, असं गॅलिलिओचं म्हणणं. त्यावर पोप आठवे अर्बन यांचा एक आक्षेप होता आणि तो ग्रंथात आलाच पाहिजे अशी अट होती. परमेश्वर सर्वशक्तिमान आहे. आपल्याला सुचणारही नाहीत अशा कितीतरी रीतींनी तो भरती आणू शकतो. त्यातली एकच रीत खरी असं ठामपणे म्हणणं म्हणजे त्याच्या सामर्थ्याला मर्यादा घालणं. गॅलिलिओने हा आक्षेप छापला, पण ग्रंथभर हरत आलेल्या सिंप्लिचिओच्या तोंडी घातला. पुढच्या वर्षी २२ जूनला रोममध्ये गुडघ्यांवर बसून त्याला आपलं मत मागे घ्यावं लागलं.

ही हकिकत विज्ञान आणि धर्म यांच्या भांडणाची म्हणून सांगितली जाते. मला मात्र त्या आक्षेपापाशी थांबावंसं वाटतं, कारण कॅथलिक विचारातला एक जुना, अवघड प्रश्न त्यात दडलेला आहे: सगळ्यावर सत्ता परमेश्वराची असेल तर निसर्गनियमांना स्वतःचं काही बळ उरतं का? हा प्रश्न मी वसईतल्या दोन कल्पित माणसांकडे सोपवला आहे. ताईंनी आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. बाप्तिस्मा झालेल्या, पण आता मिस्साला न जाणाऱ्या. त्यांचा धाकटा भाऊ धर्मगुरू. काही वर्षं त्याने सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकवलं. ही दोघं कल्पित असली तरी ती ज्यांची नावं घेतात ते लोक आणि त्यांची मतं खरी आहेत.

ताई: आपल्या खाडीवरच्या कुठल्याही कोळ्याला विचार. पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. चंद्राची तिथी धरून तो होडी काढतो. ज्ञान असं येतं, पाहून पाहून. आणि तुझे पोप म्हणतात, पाहिलंस ते राहू दे, देव दुसरंही काही करू शकला असता. यावर माणसाने बोलायचं काय?

फादर: गॅलिलिओने नेमका चंद्रच नाकारला होता, ताई. केप्लरने भरतीशी चंद्राचा संबंध जोडला तेव्हा गॅलिलिओला ते पोरकट वाटलं. त्याच्या हिशोबाने दिवसाला एकच भरती यायला हवी, येतात दोन. म्हणजे हा पुरावा पक्का नाही, हे अर्बन यांचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं.

ताई: निकाल बरोबर, कारण चूक. दोन भरत्या तुझ्या गणितात बसत नाहीत असं ते म्हणाले असते तर मी त्यांना मानलं असतं. त्यांचं म्हणणं असं की कुठलंच गणित कधीच पुरेसं होणार नाही. १६८७मध्ये न्यूटनने चंद्र-सूर्याच्या ओढीने भरती समजावली. अर्बन यांचा आक्षेप त्यालाही जसाच्या तसा लागू पडतो. खऱ्या सिद्धांतावरही तोच आक्षेप आणि खोट्यावरही तोच, तर त्याने पारख कशाची होते?

फादर: कशाचीच नाही, हे मला मान्य आहे. कार्डिनल बेलार्मिनसुद्धा इतके पुढे गेले नव्हते. १६१५मध्ये त्यांनी फोस्कारिनी नावाच्या धर्मगुरूला लिहिलं, की पृथ्वी फिरते हे खरोखर सिद्ध झालं तर बायबलमधल्या त्या वचनांचा अर्थ आपल्याला समजलेला नाही असं म्हणावं लागेल. सिद्ध झालेल्याला खोटं म्हणता येणार नाही. असा पुरावा मिळेल असं त्यांना वाटत नव्हतं, पण मिळाला तर काय करायचं हे त्यांनी सांगून ठेवलं होतं. अर्बन यांनी ती सोयच ठेवली नाही. तरीही त्यांचं पहिलं वाक्य तेवढं घे. देव अनेक रीतींनी भरती आणू शकतो. यातून काय निघतं? त्याने कुठली रीत निवडली ते बसल्या जागी, नुसत्या तर्काने कळणार नाही. किनाऱ्यावर जाऊन पाहावं लागेल. तुझा कोळी तेच करतो.

फादरांचा हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, आणि त्याला इतिहास आहे. ७ मार्च १२७७ रोजी पॅरिसचे बिशप एतिएन ताँपिए यांनी २१९ विधानं निषिद्ध ठरवली. त्यांतली काही अशी होती की अ‍ॅरिस्टॉटलच्या मते जे अशक्य, ते देवालाही अशक्य. देव एकाहून अधिक विश्वं निर्माण करू शकत नाही. आकाशाला सरळ रेषेत सरकवू शकत नाही, कारण मागे पोकळी उरेल. बिशपांना विज्ञानाची सोय करायची नव्हती. परमेश्वराच्या स्वातंत्र्यावर कोणी हद्द आखू नये एवढंच त्यांना हवं होतं. पण ज्याचा विचारही करायचा नाही असं अ‍ॅरिस्टॉटलने शिकवलं होतं, त्याचा विचार करायला यामुळे श्रद्धेचाच आधार मिळाला. पोकळीबद्दल, दुसऱ्या विश्वांबद्दल पुढच्या शतकात पॅरिसमध्ये हिरिरीने लिहिलं गेलं. पिएर द्युएम या फ्रेंच पदार्थवैज्ञानिकाने आणि इतिहासकाराने तर आधुनिक विज्ञानाचा उगमच तिथे मानला. हे फारच झालं. एका धर्माज्ञेतून विज्ञान जन्मत नाही. पण परमेश्वर मुक्त आहे म्हणून विश्व असंच असलं पाहिजे असं नाही, आणि म्हणून ते कसं आहे हे पाहायलाच हवं, ही वाट त्या काळी मोकळी झाली. १६३३मध्ये त्याच सिद्धांताने ती बंद केली, याचं मला वाईट वाटतं.

ताई: मग अर्बन यांना हे का सुचलं नाही?

फादर: त्यांच्या हातात न्यायासन होतं. वाद पटवून देण्याची गरज उरली नव्हती. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३१ ऑक्टोबर १९९२ला त्या वेळच्या धर्मपंडितांची चूक उघडपणे मान्य केली, म्हणजे साडेतीनशे वर्षं गेली.

ताई: ते जाऊ दे. माझा मूळ प्रश्न राहतोच. देव कधीही काहीही करू शकत असेल तर नियम म्हणजे नुसती त्याची सवय. उद्या मोडली तर मोडली.

फादर: असं मोठमोठ्या विचारवंतांनी मानलं आहे. अल-गझालीचं उदाहरण प्रसिद्ध आहे. कापूस आगीला लागला की जळतो. जाळणारी आग, असं आपण धरून चालतो. पण जाळतो देव, आग फक्त तिथे हजर असते. सतराव्या शतकात मालब्रांश नावाचा कॅथलिक धर्मगुरूही असंच म्हणत होता. दोघांनाही देवाच्या सत्तेचा मान राखायचा होता. पण थॉमस अक्वायनस याच्या नेमकं विरुद्ध उभा राहतो. त्याचं म्हणणं, आग खरोखर जाळते. निर्मितीकडून तिचं बळ काढून घेतलंत तर निर्मात्याचा मान वाढत नाही, घटतो. कारण दुसऱ्याला कर्ता बनवणं हे स्वतः करण्यापेक्षा मोठं सामर्थ्य आहे. आणि पुढे तो आणखी एक गोष्ट म्हणतो, ती तुला आवडेल. वस्तूंकडून काहीच घडत नसेल तर परिणामांवरून वस्तूंचा स्वभाव कळणार नाही, आणि निसर्गाचं शास्त्रच उरणार नाही.

ताई: हे तेराव्या शतकात?

फादर: १२६०च्या आगेमागे.

ताई: माणूस हुशार होता. पण मग कापूस जाळला कोणी? अर्धा आगीने, अर्धा देवाने?

फादर: नाही. पूर्ण आगीने आणि पूर्ण देवाने. दोघं एकाच पातळीवरचे असते तर वाटणी करावी लागली असती. थॉमसचाच दाखला देतो. होडी बांधणारा सुतार फळ्या जोडतो. समज, त्याला फळ्यांमध्येच असं काही घालता आलं की त्या आपल्या आपण जुळून होडी होतील. निसर्ग म्हणजे तसं काहीतरी आहे, असं तो म्हणतो. आमच्या १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथातही हेच आहे: परमेश्वर प्रथम कारण, आणि तो दुय्यम कारणांमधून, त्यांच्या द्वारे काम करतो, हा त्याचा दुबळेपणा नव्हे.

ताई: फळ्या आपल्या आपण जुळत असतील तर मला सुतार दिसणार कुठे? मी मोजमाप करते, समीकरण लिहिते. तुझ्या देवासाठी त्यात एकही अक्षर लागत नाही.

फादर: लागूही नये. आमच्यात हे सगळ्यात नेमकं ओळखलं ते एका धर्मगुरूनेच. जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचा. १९२७मध्ये त्याने विश्व प्रसरण पावतं असं गणिताने मांडलं, १९३१मध्ये आदिम अणूची कल्पना मांडली. आज आपण महास्फोट म्हणतो त्याची ती सुरुवात. नोव्हेंबर १९५१मध्ये पोप बारावे पायस यांनी पोपच्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केलं. विज्ञान आता निर्मितीच्या आरंभापर्यंत पोचलं, असा त्याचा सूर होता. दुसरा कोणी असता तर सुखावला असता. लमेत्र अस्वस्थ झाला. आपला सिद्धांत विज्ञानाचा आहे. उद्या निरीक्षणांनी तो खोटा ठरू शकतो, त्यावर श्रद्धा टांगू नये, अशी त्याची भूमिका होती. पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे बोलताना पोपनी तो सूर पुन्हा लावला नाही.

ताई: हा लमेत्र मला आदरणीय वाटतो. पण बघ, त्याने तुझी पंचाईतच केली. देव असला काय, नसला काय, माझं समीकरण तेच राहणार. मग मी त्याला का मानू?

फादर: समीकरण तेच राहणार. पण मुळात काही का आहे, आणि जे आहे ते समीकरणात बसण्याइतकं नेटकं का आहे, हा प्रश्न समीकरण सोडवत नाही.

ताई: तो मी मोकळा ठेवते. तू तिथे देवाचं नाव लिहितोस.

या जागी दोघंही हलत नाहीत, आणि मला वाटतं हलूही शकत नाहीत. ताईंची शंका प्रामाणिक आहे: ज्याने कशातच फरक पडत नाही ते आहे म्हणण्यात अर्थ काय? फादरांचं उत्तरही पळवाट नाही, कारण त्यांचा परमेश्वर विश्वातल्या वस्तूंपैकी एक वस्तू नाही, की असल्या-नसल्याचा फरक मापता यावा. मात्र ही भूमिका घेणाऱ्याने ती शेवटपर्यंत निभावली पाहिजे. पाऊस आला की देवाने आणला आणि वादळ आलं की निसर्गाने, अशी सोयीची वाटणी मग करता येत नाही. ताई नेमक्या तिथेच वळल्या.

ताई: मग चमत्कार? फ्रान्समधल्या लूर्दला पांगळे चालू लागतात म्हणता. तिथे आग जाळत नाही आणि फळ्या जुळत नाहीत, असंच ना?

फादर: लूर्दला १८८३पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे. बरं झाल्याचे हजारो दावे आले. चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते ७०हून थोडे अधिक. अठराव्या शतकात प्रोस्पेरो लाम्बेर्तिनी यांनी, जे पुढे पोप चौदावे बेनेडिक्ट झाले, अशा दाव्यांसाठी कसोट्या घालून दिल्या: आजार गंभीर हवा, गुण अकस्मात आणि पूर्ण यावा, औषधाने आलेला नसावा, टिकावा. निसर्गाला नियम आहेत हे धरल्याशिवाय यातली एकही कसोटी लावता येत नाही.

ताई: समजलं नाही म्हणजे देवाने केलं, असं कसं होतं? कर्करोगाची गाठ क्वचित आपोआपही विरते.

फादर: बरोबर. म्हणून डॉक्टर फक्त ‘समजावता येत नाही’ म्हणतात. पुढचा निर्णय बिशपांचा, आणि तो खूण म्हणून वाचण्याचा निर्णय आहे. लूर्दवर विश्वास ठेवलाच पाहिजे असं कुणाही कॅथलिकावर बंधन नाही.

ताई: ठेवला तर माझा प्रश्न आणखी वाईट होतो. एकाला बरं करता येतं म्हणजे सगळ्यांना करता येतं. १ नोव्हेंबर १७५५. लिस्बन. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्च माणसांनी भरलेली. भूकंप झाला, छपरं मिस्सा ऐकणाऱ्यांवर कोसळली. आगी लागल्या. जे पाण्याच्या काठाला पळाले त्यांच्यावर समुद्र चालून आला. आणि मालाग्रिदा नावाचा तुमचा जेज्विट धर्मगुरू १७५६मध्ये पुस्तिका छापतो, की हे तुमच्या पापांमुळे झालं. नैसर्गिक कारणं सांगणारेच खरे दोषी. बेघर झालेली माणसं झोपड्या उभारत होती, तर त्यांनी आधी पश्चात्ताप करावा म्हणे.

फादर: त्या माणसाचा शेवट भयानक झाला. इन्क्विझिशनने दुसऱ्याच आरोपांखाली १७६१मध्ये त्याला मारलं. पण त्याची पुस्तिका वाईट होती; थॉमसच्या कसोटीवरही ती वाईट आहे. दुय्यम कारणं नाकारायची, आणि वर देवाच्या मनातलं आपल्याला कळलं असं म्हणायचं. १७५६मध्येच मंत्री पोंबाल याच्या सरकारने पोर्तुगालभरच्या धर्मगुरूंना एक प्रश्नावली पाठवली. भूकंप किती वेळ चालला? धक्के किती? समुद्र आधी मागे हटला की आधी चढला? जमिनीला भेगा पडल्या का? धर्मगुरूंनी आपापल्या गावातून उत्तरं लिहून पाठवली. आजचे भूकंपशास्त्रज्ञ ती वाचतात. मला त्या अनाम धर्मगुरूंचा अभिमान वाटतो. प्रेतं पुरून झाल्यावर त्यांनी जे पाहिलं ते खरं खरं लिहिलं. २७ मार्च २०२०ला, महामारी ऐन भरात असताना, पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनच्या रिकाम्या चौकात मालाग्रिदाच्या नेमकं उलट सांगितलं, की ही देवाने आपला न्याय करण्याची वेळ नाही; काय महत्त्वाचं आणि काय नाही हे आपण ठरवण्याची वेळ आहे.

ताई: मग मयताच्या घरी जाऊन ‘देवाची इच्छा’ म्हणणारे तुमचे लोक?

फादर: मी म्हणत नाही. आपल्याच वसईचं घे. १९८०नंतर टँकरवाले विहिरींवर मोटरी बसवून रात्रंदिवस पाणी उपसू लागले, बावखलं, म्हणजे गोड्या पाण्याची तळी, बुजवली गेली, वाड्यांतलं पाणी मचूळ झालं. तू मुलांना शिकवायचीस ते सांग.

ताई: गोडं पाणी हलकं, खाऱ्यावर तरंगतं. ठोकळ हिशोबाने समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं. वरचं १ मीटर उपसलं की खालून खारं पाणी ४० मीटर वर चढतं.

फादर: आमच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी त्या वेळी लोकांना पापक्षालनासाठी गुडघे टेकायला लावलं नाही. हरित वसईची चळवळ उभी केली, मोर्चे काढले. विहीर खारी झाली ती मोटरीमुळे, आणि मोटर बसवली ती माणसांनी. देवाने निर्मितीला खरंखुरं बळ दिलं आहे, असं मानलं की जबाबदारीही खरी होते. ती देवावर ढकलणं हे मला देवनिंदेइतकं गंभीर वाटतं.

ताई: हे बोललास ते मला पूर्ण पटलं. पण लिस्बनला मोटर कोणी बसवली होती?

फादर: कोणी नाही.

ताई: तिथे तर फक्त जमिनीचे नियम होते. म्हणजे तुझ्याच देवाने दिलेलं बळ. त्या बळाने चर्चमध्ये बसलेली मुलं चिरडली.

फादर: आमचा धर्मशिक्षण ग्रंथ म्हणतो की परमेश्वराने घडवलेलं जग अजून पूर्णतेच्या वाटेवर आहे, आणि वाटेवर असलेल्या जगात घडणं आणि मोडणं दोन्ही असतं. तेच कवच सरकतं म्हणून डोंगर उभे राहतात, आणि तेच सरकतं म्हणून भूकंप होतो.

ताई: डोंगरांचा फायदा मला, किंमत त्या मुलांनी भरली. हा हिशोब मला अमानुष वाटतो.

फादर: हिशोब म्हणून मांडला तर मलाही तसाच वाटतो. बायबलमधल्या ईयोबाच्या मित्रांनी हिशोब मांडला होता, आणि ग्रंथाच्या शेवटी देव त्यांच्यावर रागावतो. मी एवढंच म्हणू शकतो की माझी श्रद्धा क्रुसावर मारल्या गेलेल्याला देव म्हणते. तेवढ्याने भूकंप का झाला ते कळत नाही.

इथे मी ताईंच्या बाजूला आहे. प्रथम कारण आणि दुय्यम कारण हा भेद गॅलिलिओवर झाला तसा अन्याय टाळायला पुरतो, मालाग्रिदाला उत्तर द्यायला पुरतो, वसईच्या विहिरीपाशी तर तो फार कामाचा आहे. निरपराध माणसाच्या यातनेपाशी तो पुरत नाही. जे धर्मपंडित तो पुरतो असं भासवतात त्यांच्यापेक्षा हा फादर मला जवळचा वाटतो.

ताई: आणि प्रार्थना? नियम ठरलेले, देवाचं मन बदलणारं नाही. मग मागायचं कशाला?

फादर: थॉमस म्हणतो, देवाचं मन बदलायला आपण मागत नाही. काही गोष्टी प्रार्थनेतून मिळाव्यात असंच त्याने योजलं आहे. आग जशी जाळण्याचं कारण, तशी प्रार्थनाही एक कारण.

ताई: आग जाळते का ते मी तपासू शकते. हे तपासता येत नाही.

फादर: नाही येत.

ताई: एखाद्या आईने महिनाभर मागितलं आणि मूल गेलंच. तिला काय सांगतोस? योजलेलं नव्हतं म्हणून?

फादर: असं कधीच सांगत नाही. पहिले काही दिवस काहीच सांगत नाही. रोज जातो. तिला बोलायचं असतं, चिडायचं असतं, कधी माझ्यावर, कधी देवावर. ते ऐकतो.

ताई: हे चांगलं करतोस. पण यात सार्वभौम देवाचा सिद्धांत कुठे आला? मीही शेजारी म्हणून हेच केलं असतं.

फादर: केलं असतंस, मला माहीत आहे. फरक इतकाच की तिथे बसलेला असताना मी मनातल्या मनात त्याच्याशीच भांडत असतो. तू कोणाशी भांडशील?

ताई: कोणाशीच नाही. मला तेच बरं वाटतं.